दत्ता, तुझा सात वाजताचा तास मी घेतोय

दत्ता,

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दहावीचे फॉर्म तपासत बसलो होतो. बातमी ऐकून सगळे हादरले. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते आज तुलाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नाही. मनात आलं, आता दिंद्रुडात 'इंग्रजीचे सर' म्हटलं की माणसं माझ्याकडे बोट दाखवतील. मग मी फॉर्मांवर पेपरवेट ठेवला आणि सगळ्यांबरोबर तुझ्या घरी आलो.

मी तुझ्यावर जळत होतो हे तुला ठाऊक होतं. अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक होतं, तर तुला कसं नसेल? मी एम.ए., तेही पहिल्या वर्गात. तू डी.एड. करून आलेला, बी.ए. बाहेरून केलेलं. लहानपण सगळं ऊसतोड कामगारांच्या तळावर गेलेलं, इंग्रजी एका जुन्या डिक्शनरीवर शिकलेली. पहिल्या वर्षी तू रोज मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी यायचास. "दादा, ह्याचा उच्चार कसा करायचा ओ?" मी सांगायचो, तू दोनदा म्हणून बघायचास. मला तेव्हा तू फार आवडायचास. पोराला मी तयार केलंय, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. दोन वर्षांत पोरं माझा तास चुकवून तुझ्या खिडकीशी उभी राहायला लागली आणि मी ते सांगणं बंद केलं.

एक दिवस मीही त्या खिडकीशी उभा राहिलो होतो. तुला दिसलो नाही. तू सी, लुक आणि वॉच शिकवत होतास. मी वीस वर्षं त्या तीन शब्दांच्या व्याख्या लिहून देत होतो. 'लुक म्हणजे हेतुपुरस्सर दृष्टी वळवणे.' पोरं लिहून घेत, पाठ करत, परीक्षेनंतर विसरून जात. तू फळ्याला पाठ टेकवून म्हणालास, "रस्त्यानं चाललाव आन् मुकादमाची गाडी दिसली, ते सी. तुमच्या आक्काला बघाया पाव्हणे आलते, त्यांनी बघितलं ते लुक. आन् आज्जा ज्वारीत बसून दिवसभर पाखरं राखतो, ते वॉच." वर्ग हसला आणि विषय संपला. पुढं तुझा तो नियम. प्रत्येकानं स्वतःच्या घरचं उदाहरण द्यायचं, पुस्तकातलं चालणार नाही. शेवटच्या बाकावरचा जो मुलगा माझ्या तासाला तोंड उघडत नव्हता, तो उठून म्हणाला की त्याची आई कारखान्यावर असली की व्हिडिओ कॉलवर त्याला दिसते, पण ती त्याच्याकडे वॉच करत असते. व्याकरण चुकलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं. मी तिथून निघालो तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि माझ्या तासाला मी त्या दिवशी उगाच दोघांना उभं केलं.

त्याचा सूड मी तपासणीच्या दिवशी उगवला. साहेब वर्गात आले होते. तू कौतुकानं म्हणालास, "सर, अवर चिल्ड्रन आर व्हेरी चाइल्डिश." तुला निरागस म्हणायचं होतं. साहेबांच्या लक्षातही आलं नसतं. मी सगळ्यांसमोर हसून म्हणालो, "दत्ता, चाइल्डिश म्हणजे पोरकट. तुला चाइल्डलाइक म्हणायचंय." तुझे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा महिनाभर बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी तू फळ्यावर ते दोन शब्द लिहिलेस आणि खाली लिहिलंस, 'हा फरक मला शेळके सरांनी शिकवला.' मी नेमका दारावरून चाललो होतो, पोरांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. दत्ता, तू भांडला असतास तर मी तुला माफ केलं असतं. त्या टाळ्यांबद्दल मी तुला कधी माफ केलं नाही.

सावलीवरून आपलं भांडण राहूनच गेलं. तू सातवीला शिकवलं होतंस की मराठीत एकच सावली, इंग्रजीत दोन. लिंबाखाली बसतो ती शेड, आपल्या मागंमागं हिंडते ती शॅडो. शेडमध्ये बसता येतं, शॅडोत कोण बसलंय? तेव्हा कांचन उठली. तुझी ती बुटकी, दोन वेण्यांची कांचन. म्हणाली, "सर, आई मोळ्या बांधती तवा उन्हाकडं पाठ करती आन् लहान्याला म्होरं तिच्या सावलीत बसवती. ती कोणची?" तू सरळ सांगितलंस, मला येत नाही, उद्या दादांना विचारून सांगतो. मी तुला म्हणालो, आकार माणसाचा आहे, म्हणजे शॅडो. पुस्तक तेच म्हणतं. तू मान हलवलीस. "न्हाई दादा. त्या लेकराला जाऊन इचारा. आईची हाय ना, मग शेडच." आपण तासभर वाद घातला. नंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा मी डिक्शनरी काढली आणि तू लेकराचं नाव काढलंस. खरं सांगू? मला उत्तराची पडली नव्हती. माझ्या वर्गात असा प्रश्न कधी कुणी विचारला नाही, हे मला डाचत होतं.

आणि ती म्हशीची गोष्ट. मी चिडून चारचौघांत तुला टोमणा मारला होता, "एवढा शब्दांचा राजा झालास तर एन्व्ही आणि जेलसीत काय फरक, तेवढं आम्हाला सांग." तू चहाचा कप खाली ठेवलास आणि अगदी साध्या आवाजात म्हणालास, "दादा, दुसऱ्याची म्हैस बघून वाटतं की ही आपल्या दावणीला पायजे व्हती, ती एन्व्ही. आन् आपली म्हैस दुसऱ्याच्या हाकेला जाती म्हणून जीव जळतो, ती जेलसी." शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे हसले. मीही हसलो. घरी जाईपर्यंत विचार करत होतो, माझं दुखणं यातलं कोणतं? तुझी पोरं माझी असावीत असं वाटत होतं, ते तर होतंच. पण खरी आग दुसऱ्या जातीची होती.

ती ऋतुजाची. माझी लेक नववीत असताना रविवारी मैत्रिणीकडे जाते सांगून तुझ्या ओट्यावर यायची. घरात एम.ए. झालेला बाप, आणि ही बाहेर शिकायला जाते! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मला कळलं ते जेवताना. मी तिला क्युअर आणि हील सांगायला लागलो, ती मध्येच म्हणाली, "बाबा, डॉक्टर करतो ती क्युअर. कोयता लागल्यावर हळद लावतो आणि मग आपोआप भरतं, ते हील." मी विचारलं, आपल्या घरात कोयता कुणाला लागला गं? तिनं जीभ चावली. मी ताट सारून उठलो. तिला रागावलो नाही, तुला काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून तुझ्या टेबलाशी बसून डबा खाणं मी सोडलं. तू चार-पाच दिवस तुझ्याकडची ठेच्याची डबी माझ्याकडे पाठवत राहिलास. मी ती न उघडता परत पाठवली. लेकीला म्हैस म्हटलं हे ऋतुजाला कळलं तर ती मला घरात घेणार नाही, पण फरक तू बरोबर सांगितला होतास.

तू गेल्यावर तिचा पुण्याहून फोन आला. खूप रडली. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना कधी एकदा तरी चांगलं म्हणालात का हो?" मी म्हणालो, मनात होतंच की. ती म्हणाली, "ते त्यांना कसं कळणार?" मग तिनं फोन ठेवला. मला तेव्हाही वाटलं, मी गेल्यावर ही इतकी रडेल का?

आता त्या सात वाजताच्या तासाचं सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. दिवाळी झाली की आपल्या गावातनं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी कर्नाटकात. वर्ग अर्धे रिकामे होतात. हजेरी घेताना आपण नुसती नावं वाचून पुढं जायचो. तू तसं केलं नाहीस. तू रोज संध्याकाळी सातला ओट्यावर बसून तीन तळांवरच्या पोरांना एकत्र फोन लावायला लागलास. तिकडं एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत, एकाच्या बापाचा फोन मधे ठेवून सात-आठ पोरं भोवती बसायची. रोज शब्दांची एक जोडी, आणि प्रत्येकानं त्या दिवशी घडलेलं उदाहरण द्यायचं. बस्स. मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो, फोनवर का कुठं शिकवणं असतं, ही नाटकं आहेत. तू ऐकलंस आणि म्हणालास, "दादा, एक दिवस तुमी या की. पोरांना आवडंल." मी कधीच आलो नाही.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सुनंदावहिनी तुझा फोन घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. "दादा, सात वाजले की ह्यो वाजतोय. पोरांचा हाय. मला उचलवत न्हाई. ह्येंनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नसतं. तुमीच बघा." मी फोन घेतला. सातला तो वाजला. उचलला तर पलीकडे एकदम गलका, आणि मग कांचनचा आवाज, "हॅलो?"

दत्ता, मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मी शेळके सर बोलतोय. तुमचे सर आजारी आहेत, घसा बसलाय. काही दिवस तास मी घेणार." पलीकडे पोरं आपसात कुजबुजली. मग कांचन म्हणाली, "बरं सर." मी मनाची समजूत घातली की लेकरं परमुलखात आहेत, जवळ कुणी मास्तर नाही, त्यांना कशाला आताच धक्का द्यायचा? ते सगळं खोटं. सांगितलं असतं तर ती तुझ्यासाठी रडली असती, आणि मला ती माझ्याकडून शिकायला हवी होती. इतक्या वर्षांनी तुझी म्हैस माझ्या दावणीला आली होती.

पहिल्या दिवशी मी बिग, लार्ज आणि ग्रेट घेतलं. एक पोरगं म्हणालं, "सर, घरचं उदारण द्या ना." मी थोर पुरुषांकडे वळलो. ते म्हणालं, "सर, घरचं." पन्नाशी ओलांडलेला मी, आणि माझ्या घरातलं एक ग्रेट मला सांगता येईना. दुसऱ्या दिवसापासून मी तयारी करून बसायला लागलो. सहा वाजताच हातपाय धुऊन, शर्ट बदलून. बायको म्हणाली, "आवो, फोनवरच्या तासाला भांग कावून पाडताव?" मी तिला काय सांगणार? मला कधी कुणी इतक्या आतुरतेनं वाट बघत फोन केला नव्हता.

हळूहळू जमायला लागलं. एकदा मी स्टॉप, वेट आणि स्टे घेतलं. मराठीत तिन्हीला थांबणंच. कांचन म्हणाली, "बैल थांबला ते स्टॉप. गाडी भरूस्तवर आई थांबली ते वेट. आन् आज्जीला चालवत न्हाई म्हणून ती गावाकडंच थांबली ते स्टे." मी इतका खूश झालो की टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेतल्या वर्गात मी तेच सांगितलं. कांचनचं नाव घेऊन. तुझं नाव घेतलं नाही.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या पहिल्या दिवसानंतर एकाही पोरानं तुझी चौकशी केली नाही. घसा बरा झाला का, सर कधी येणार, काहीच नाही. तास झाला की "थँक्यू सर" म्हणून ठेवून द्यायची. मी मनातल्या मनात हसलो. बघ दत्ता, म्हणालो, ज्यांच्यावर जीव पाखडलास ती पोरं आठ दिवसांत तुला विसरली. मी त्यांना तुझ्याहून चांगलं शिकवत असणार. ह्या विचारानं मला गोड झोप लागायची. तुझ्या दहाव्याला घाटावर उभा असतानासुद्धा सात वाजता काय घ्यायचं ते मी ठरवत होतो.

मग काय झालं कुणास ठाऊक. दहावा झाला, तेरावा झाला, आणि मला त्या पोरांचाच राग यायला लागला. इतकी कशी ही बेइमान? ज्या माणसानं रोज संध्याकाळी स्वतःचं जेवण थंड होऊ देऊन यांना धरून ठेवलं, तो आजारी आहे म्हटल्यावर एकदा तरी विचारावं की नाही? मी तुझ्या बाजूनं भांडायला लागलो होतो आणि मला ते कळलंही नव्हतं.

काल तू गेल्याचा अठरावा दिवस. तास चालू होता, पोरं हसत होती. माझा तोल गेला. मी फोनवर ओरडलो, "हसताय काय रे? इतके दिवस झाले, तुमचे सर कसे आहेत म्हणून एकानं तरी विचारलं का? लाज नाही वाटत?"

तिन्ही तळांवरचं हसणं थांबलं. मागं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

मग कांचन हळू आवाजात म्हणाली, "सर, आमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"सर गेले ते. गावाकडनं त्याच दिशी फोन आलता. समद्या तळावर कळलं व्हतं. त्या दिशी कुणी कामाला गेलं न्हाई."

म्हणालो, "मग फोन कशाला करत होता गं?"

"पयल्या दोन दिशी आमी नुसतं वाजवून बघत व्हतो. तिसऱ्या दिशी तुमी उचिलला. तुमी म्हणले सर आजारी हायेत. आमाला वाटलं, तुमचा लई जीव व्हता सरावर. तुमालाच ते खरं वाटंना, म्हणून तसं म्हणत असताल. मग आमी ठरिवलं, कुणीच इचारायचं न्हाई. तुमाला तरास नगं."

दत्ता, माझ्याकडे नसलेलं दुःख त्या लेकरांनी मला देऊन टाकलं होतं, आणि पंधरा दिवस ती ते माझ्यासाठी सांभाळत बसली होती. सांगणार तरी काय? की मी तुमच्या सरांवर जळत होतो? की मला तुम्ही हवे होतात?

शेवटी मी म्हणालो, "ते फार चांगले शिकवायचे. माझ्याहून चांगले." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही तू नसताना.

तिकडं कुणीतरी नाक ओढलं. मग कांचननं विचारलं, "सर, आमी तुमच्यामुळं दाबून धरलतं. आता रडलं तर चालंल का?"

मी हो म्हणालो. आणि दत्ता, तीन तळांवरची पोरं एकदम रडायला लागली. कुणी मोठ्यानं, कुणी हुंदके देत, आणि मागं त्यांच्या आयांचेही आवाज मला कळले. मी फोन कानाला लावून बसलो होतो. इतकं माझ्यासाठी कुणी रडेल का, हा विचार तेव्हाही मनात आलाच. तो आला, आणि त्याच्या मागोमाग मीही रडलो, तू गेल्यापासून पहिल्यांदा.